आधी पालथं घाल

काका,

तुमचं नाव विचारायचं राहिलं. पत्ता तर नाहीच. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या ओळखीचं कुणी वाचेल, ‘अरे, खिशात लोहचुंबक घेऊन हिंडणारे म्हणजे आपलेच ते’ असं म्हणेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल, एवढीच आशा.

आठवण करून देते. जुन्या फर्निचरच्या त्या गोदामात अगदी मागच्या भिंतीशी लालसर तपकिरी रंगाची दोन छोटी टेबलं होती. बारीक पाय, वर आरशासारखं पॉलिश आणि पायाला बांधलेली चिठ्ठी: ‘अँटिक, १८८०’. व्हरांड्यातल्या दोन खुर्च्यांच्या दोन बाजूंना ती कशी दिसतील याचं चित्र माझ्या मनात रंगवून झालं होतं. घासाघीससुद्धा झाली होती. तुम्ही शेजारच्या कपाटाचे खण ओढून बघत होतात. तिथूनच विचारलंत, “ठेवणार कुठे?”

“व्हरांड्यात.”

“मग आधी पालथं घाला.”

खरं सांगते, मला राग आला. वाटलं, यांनाच ती टेबलं हवी असणार आणि मला बिचकवून बाजूला करतायत. तरी घातलं पालथं. तुम्ही मोबाइलचा उजेड पाडलात आणि काही न बोलता बाजूला झालात. वरून एका आईची लेकरं वाटणारे फळा आणि पाय खालून एकमेकांचे कुणीच लागत नव्हते. फळ्याचं लाकूड काळपट, सुकलेलं. पायांच्या आतली बाजू मात्र फिकी, काल रंधा मारल्यासारखी. फळ्याला खालून चार रिकामी भोकं, आणि त्यांच्यासमोर पायांच्या चौकटीत काहीच नाही. मग तुम्ही बोट ठेवलंत ते स्क्रूंवर. फुलीच्या खाचेचे, फिलिप्सचे. हेन्री फिलिप्स यांना त्या स्क्रूचं पेटंट मिळालं १९३६ साली, आणि चिठ्ठी सांगत होती १८८०.

मी लगेच ‘म्हणजे फसवणूक!’ म्हणून मोकळी झाले, तर तुम्ही मला थांबवलंत. ते मला सगळ्यात जास्त आवडलं. स्क्रू नवा म्हणून टेबल नवं ठरत नाही, मधे कुणीतरी दुरुस्ती केली असेल, असं म्हणालात. पायांच्या चौकटीत जुन्या स्क्रूचं, खिळ्याचं किंवा कुसवाचं (खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभेचं) काही चिन्ह आहे का ते बघायला लावलंत. काही नव्हतं. म्हणजे तो फळा त्या पायांवर पहिल्यांदा बसला तोच फिलिप्सच्या स्क्रूंनी. दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्या टेबलाचा फळा कापून नव्या पायांवर चढवलेला. “याची सोयरीक उशिरा जुळली,” असं तुम्ही म्हणालात आणि मला हसू आवरेना.

‘अँटिक’ आणि ‘व्हिंटेज’ हे शब्द दुकानदार सरमिसळ करून वापरतात हे मला माहीत होतं, पण त्यातल्या एकाला खरोखर व्याख्या आहे हे नव्हतं. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी मालाची जी वर्गवारी असते तिच्यात ९७०६ क्रमांकाखाली १०० वर्षांहून जुन्या वस्तू येतात, त्या अँटिक. ‘व्हिंटेज’ला अशी रेघ नाही, ज्याला जे वाटेल ते. पण हे सांगून झाल्यावर तुम्ही हात झटकलेत. वयाचं नंतर बघू, आधी तुझा व्हरांडा सांग, म्हणालात. (अर्ध्या तासात ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलात, तेही बरं वाटलं.)

मग प्रश्नांची सरबत्ती. छप्पर किती पुढे येतं? पावसाची झड कुठपर्यंत पोचते? दुपारचं ऊन कोणत्या बाजूनं? फरशीला उतार आहे का? खुर्चीचा हात जमिनीपासून किती उंच? मला यातलं एकही धड सांगता आलं नाही. टेबलाचा रंग, पायांचं वळण, यावर मात्र मी तासभर बोलू शकले असते.

त्यावर तुम्ही जे समजावलंत ते त्या दिवशी अर्धवट कळलं होतं, आता पुरतं कळलंय. ती टेबलं अस्सल १८८०ची असती तरी व्हरांड्यासाठी चुकीचीच होती. त्यांच्या फळ्यावर व्हिनिअर होतं, म्हणजे साध्या लाकडावर चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा. जुन्या कामात तो पापुद्रा सरसानं चिकटवलेला असतो. सरस जनावरांच्या हाडा-कातड्याचा. उष्णता आणि ओल मिळाली की तो पुन्हा मऊ पडतो. दुरुस्ती करणाऱ्याला हे वरदान, कारण सांधा न तोडता सोडवता येतो. व्हरांड्यात मात्र पापुद्रा कडेनं उचलला जाणार. वरचं ते आरशासारखं पॉलिश लाखेचं. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचा एक थेंब घेऊन तुम्ही तो फळ्याच्या खालच्या कडेला आलेल्या पॉलिशवर टेकवलात आणि क्षणात तिथे चिकटपणा आला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणि पाणी साचून राहिलं की तिच्यावर पांढरा डाग धरतो.

इथे एक कबुली द्यायची आहे, त्या दिवशी लाजेनं दिली नव्हती. याआधी माझ्याकडे असंच एक टेबल होतं, घरातलं, जुनं. व्हरांड्यात शोभेल म्हणून मीच बाहेर आणून ठेवलं. एका पावसाळ्यात त्याचा फळा सुकलेल्या पानासारखा कडांनी वळला. मी तेव्हा लाकडाला दोष दिला, सुताराला दिला, हवेला दिला. सरस हा शब्द तुमच्या तोंडून ऐकला तेव्हा पोटात खड्डा पडला.

मग तुम्ही मला त्या गोदामात जवळजवळ दोन तास फिरवलंत. कुठल्याही वस्तूबद्दल ‘घे’ किंवा ‘नको’ म्हणाला नाहीत. टेप माझ्या हातात दिलीत आणि एक गोल टेबल मोजायला लावलंत, एकदा लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, एकदा आडवं. ६१ सेंटिमीटर आणि ६०.४. मला वाटलं माझं चुकलं. पुन्हा मोजलं, तेच. लाकूड सुकताना रेषांच्या लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवं आटतं. त्यामुळे भरीव लाकडाचा जुना गोल फळा कालांतरानं किंचित लंबगोल होतो. डोळ्याला कळत नाही, टेपला कळतं. एखादं नवं लाकूडही नीट न सुकवता वापरलं तर असंच वागेल, तेव्हा एवढ्या एका खुणेवर भाळू नकोस, हेही लगेच जोडलंत. तरी मला ही खूण फार आवडली. शंभर वर्षं कोणी काही न करता त्या फळ्यानं आपला आकार आपणच बदलला! तेव्हापासून कुठेही जुनं गोल टेबल दिसलं की माझा हात पर्समधल्या टेपकडे जातो आणि सोबतची माणसं लांब जाऊन उभी राहतात.

खणांच्या सांध्यांचंही सांगितलंत: हातानं कापलेल्या डव्हटेलचे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पसरट दातांच्या सांध्याचे, दात थोडे कमीजास्त असतात, यंत्राचे एकसारखे. करवतीच्या खुणा सरळ असतील तर हातकरवत किंवा सरळ चालणारी यांत्रिक करवत, कमानीसारख्या असतील तर गोल पात्याची. पण माझ्या यादीत खण असलेलं टेबल नव्हतंच. व्हरांड्यात खण दमट होऊन अडकतात, म्हणून ते मी पुढच्या जन्मासाठी ठेवलं.

लोहचुंबक मात्र लक्षात राहिलं. वेतासारखं विणलेलं एक टेबल होतं, पांढरा रंग दिलेलं. मी वेत समजले. तुम्ही उभ्या काड्यांवरून चुंबक फिरवलंत, ते टक्कन चिकटलं. आडव्या विणीला चिकटेना. ती लॉइड लूमची वीण: मार्शल बर्न्स लॉइड या अमेरिकन माणसानं १९१७ साली पेटंट घेतलेली. पीळ दिलेला कागद, आणि उभ्या धाग्यांत पोलादी तार. कागदाचं टेबल! छपराखाली, झडीपासून लांब असेल तर चालतं, भिजवलं तर संपलं. घरी आल्यावर मी हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

ओतीव लोखंड आणि अॅल्युमिनियम वेगळं ओळखायलाही तेच चुंबक. इथे मात्र तुमच्याशी माझं पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. अॅल्युमिनियमच्या टेबलाला तुम्ही ‘डबा’ म्हणालात. मान्य, त्याला लोखंडाचं वजन नाही आणि वारा सुटला की ते सरकतं. पण गंजत नाही, एका हातानं उचलून आत नेता येतं. झड जिथे रोज पोचते त्या कोपऱ्यासाठी मी तोच डबा घेणार आहे. रागावू नका.

आता घेतलं काय ते सांगते. जोडीचा हट्ट सोडला. दोन खुर्च्यांना दोन वेगळी टेबलं. पहिलं सागवानी, साधंसं, खाली एक फळी असलेलं. ते अँटिक नाही, कुणी तसं म्हटलंही नव्हतं. भरीव लाकूड, सांधे घट्ट, जुनं पॉलिश जवळजवळ उडालेलं. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे तो ओल सोसतो. उन्हानं राखाडी पडेल, पडू दे. पायांत बारीक गोल भोकं होती, तेव्हा तुमची युक्ती केली. खाली काळा कागद पसरून पाय हलकेच ठोकले आणि दोन आठवडे तो कागद तिथेच ठेवला. ताजा भुसा पडला नाही, म्हणजे कीड बहुधा जुनी आणि गेलेली. शिवाय पायांची टोकं आधी बंद केली. लाकूड पाणी पितं ते कापलेल्या टोकांतून, आणि टेबल तर त्याच टोकांवर उभं असतं. पातळ केलेलं वॉर्निश टोकांना जिरेपर्यंत पाजलं आणि खाली छोट्या चकत्या ठोकल्या.

दुसरं ओतीव लोखंडाचं, वर संगमरवरी फळा, पाय तीन. तीन पायांबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मी व्हरांड्याचा उतार मोजल्यावर पटलं. पाणी वाहून जावं म्हणून फरशी बाहेरच्या बाजूला उतरती असते आणि तो उतार सगळीकडे सारखा नसतो, चार पायांचं टेबल तिथे कुठेतरी लटपटणारच आणि मग पायाखाली कागदाच्या घड्या. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात. आपण टीपॉय म्हणतो त्या शब्दात चहा नाहीच, तिपाईतले ‘ती’ आणि ‘पाय’ आहेत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी चाट पडले. इतकी वर्षं चार पायांच्या वस्तूला मी तिपाई म्हणत होते. तीन पायांचं टेबल कडेवर भार दिला तर कलंडतं खरं, पण दगड आणि लोखंड मिळून एवढं वजन आहे की ते हलवायलाच दोघं लागतात.

त्या लोखंडावर रंगाचे बरेच थर होते. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली, तेव्हा कोरडा सँडपेपर मारायचा नाही, ही तुमची ताकीद पाळली. सुटलेले पोपडे ओले करून, मास्क लावून खरवडले, पुसून घेतले, गंजाच्या जागी रेड ऑक्साइडचा गंजरोधक थर आणि वर इनॅमल रंग. बाकीचा रंग होता तसा ठेवला. दगडावर लिंबू सांडायचं नाही एवढं घरात सगळ्यांना बजावलंय, कारण संगमरवराला आम्ल खातं आणि ती जागा निस्तेज होते. अर्थात पहिला डाग माझ्याच हातून पडला.

उंची खुर्चीच्या हाताशी जुळते. सागवानी दोन बोटं खाली आहे, लोखंडी बरोबर. कप ठेवायला वाकावं लागत नाही, आणि अंधारात चाचपडताना हात बरोबर फळ्यावर पडतो. हे मोजमाप मी घ्यायला जाण्याआधी करायला हवं होतं, हे मला तुमच्या सरबत्तीनंतर सुचलं.

काका, तुमचा त्या दिवशीचा वेळ माझ्यासाठी राखून ठेवलेला नव्हता. तुम्ही कपाटाचे खण बघायला आला होतात, ते कपाट घेतलंत की नाही तेही मला ठाऊक नाही. मनापासून आभार.

आणि एक अपराध. घरी येऊन पर्स उघडली तर तुमचं लोहचुंबक त्यात. सागवानी टेबलाच्या खालच्या फळीवर ठेवलंय, त्यात लपलेल्या एका खिळ्याला ते आपणहून चिकटून बसलं आहे. तुमचं आहे, कधीही न्यायला या.