पीटर ग्रीन यांची कारकीर्द १९७० मध्ये संपत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील ब्रिटिश ब्लूज-रॉक गिटारवादकांवरचा लेख आवडला. जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये १९६६ साली एरिक क्लॅप्टन यांच्या जागी आलेले पीटर ग्रीन, पुढच्याच वर्षी त्यांनी उभारलेला फ्लीटवुड मॅक हा बँड (ज्याला त्यांनी स्वतःचे नाव न देता ड्रमरचे आणि अजून सामीलही न झालेल्या बासवादकाचे नाव दिले), आणि १९६९ च्या आरंभी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली त्यांची 'अल्बट्रॉस' ही रचना, हे सारे त्यात नेमके आले आहे. मात्र मे १९७० मध्ये बँड सोडल्यानंतरचा त्यांचा सगळा काळ मानसिक आजाराच्या एका वाक्यात उरकला, हे खटकले.

त्याच वर्षी आलेला 'द एंड ऑफ द गेम' हा त्यांचा पहिला एकल अल्बम पूर्णपणे वाद्यसंगीताचा असून स्टुडिओत मुक्तपणे वाजवलेल्या दीर्घ वादनातून काटछाट करून तो तयार झाला. ब्लूजची ठरलेली बारा बारची (बारा तालखंडांची) चौकट येथे मोडते, गिटार वा-वा पेडलवर (पायाने दाबून स्वराचा पोत बदलणाऱ्या उपकरणावर) अस्वस्थपणे फिरत राहते. ऐकायला तो सोपा नाही, काही ठिकाणी भरकटतोही. पण तो विझलेल्या कलावंताचा नक्कीच वाटत नाही.

त्यानंतर स्किझोफ्रेनियाचे निदान, रुग्णालये आणि दीर्घ मौन. १९७९ च्या 'इन द स्काईज' या अल्बमपर्यंत त्यांची १९५९ ची लेस पॉल गिटार गिटारवादक गॅरी मूर यांच्याकडे जाऊन कित्येक वर्षे झाली होती. त्या गिटारच्या एका पिकअपमधील (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागातील) चुंबक उलटे होते, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र वाजवले की स्वर पोकळ आणि किंचित अनुनासिक येई. ग्रीन यांच्या वादनाची जादू या चुंबकाच्या खात्यावर टाकणाऱ्यांनी हा अल्बम मुद्दाम ऐकावा. जोडीला स्नोई व्हाइट यांच्यासारखा समर्थ गिटारवादक असल्याने प्रत्येक सूर कोणाचा हे सांगणे कठीण आहे, तरीही कमी सुरांत पुष्कळ बोलण्याची आणि दोन सुरांमध्ये थांबण्याची ग्रीन यांची रीत त्यात ओळखू येते.

ऐंशीच्या दशकातले त्यांचे अल्बम कमी-अधिक दर्जाचे आहेत, त्यांचे समर्थन मी करणार नाही. मात्र नव्वदच्या दशकात स्प्लिंटर ग्रुप या बँडबरोबर ते पुन्हा मंचावर उभे राहिले आणि १९९८ मध्ये जुन्या पिढीतील ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यांच्या गाण्यांचा अल्बमही त्यांनी केला. २५ जुलै २०२० रोजी निधन झालेल्या या कलावंताच्या एकल कामावर आपल्या पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर