गाडीतला फुगा पुढे का झुकतो?

महोदय,

गाडीने वेग घेतला की आतले सारे काही मागे ढकलले जाते, असे जडत्व शिकवताना सर्रास सांगितले जाते. प्रवाशांना आणि आरशाला टांगलेल्या माळेला ते लागूही पडते. परंतु काचा बंद असलेल्या मोटारीत हेलियमचा फुगा दोरीने सीटला बांधला, तर गाडी वेग घेताना तो पुढच्या काचेकडे झुकतो, ब्रेक लागताच मागे येतो आणि वळणावर आतल्या बाजूला कलतो. ‘फुगा हलका असतो म्हणून’ एवढ्या उत्तरावर मुलांची बोळवण होते. हलका आहे म्हणून तो वर जाईल हे पटते, पण पुढे का जावा?

गाडीतील हवेलाही वस्तुमान असते, घनमीटरला सुमारे 1.2 किलो, आणि गाडीबरोबर तिचाही वेग वाढावा लागतो. त्यासाठी तिला पुढे रेटणारा दाब मागच्या बाजूला किंचित जास्त असावा लागतो. गाडीचा वेग दर सेकंदाला 2 मीटर प्रतिसेकंद इतका वाढत असेल, तर 3 मीटर लांबीच्या बंद जागेत हा फरक जेमतेम 7 पास्कल भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे 14,000 वा हिस्सा. फुग्याएवढ्या आकारमानाच्या हवेला गाडीबरोबर नेण्यास जेवढा रेटा पुरतो तेवढाच फुग्यालाही मिळतो. पण हेलियम हवेच्या सुमारे एक सप्तमांश वजनाचा असल्याने, रबराचे वजन धरूनही, त्याला तो जास्तच होतो. आर्किमिडीजचे तत्त्व इथे आडवे लागू झाले आहे, इतकेच.

वेगवाढ तेवढीच टिकली, तर फुग्याची दोरी उभ्या रेषेपासून सुमारे 11 अंश पुढे कलते आणि माळ खालच्या बाजूने तेवढीच मागे जाते. दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर राहतात. वाढता वेग आणि गुरुत्वाकर्षण यांचे परिणाम बंद खोलीत वेगळे ओळखता येत नाहीत, हा आइन्स्टाइन यांनी 1907 मध्ये मांडलेला विचार मुलांना याहून सोप्या रीतीने क्वचितच दाखवता येईल.

मात्र प्रयोगासाठी जत्रेतला गॅसचा फुगा गाडीत नेऊ नये. त्यात पेट घेणारा हायड्रोजन असू शकतो. (मोकळा फुगा चालकाच्या डोळ्यांसमोर येतो, ही अडचण निराळीच.) त्यापेक्षा काठोकाठ भरून बुडबुड्यापुरती हवा ठेवलेली, झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली एसटीत मांडीवर आडवी धरावी. गाडी स्थानकातून सुटताना बुडबुडा पुढे धावतो आणि रस्ता सपाट असूनही चढण असल्याचा भास होतो. हमरस्त्यावर वेग एकसारखा झाला की बुडबुड्याची ही पुढची ओढ थांबते, मग तो वेग ताशी 30 किलोमीटर असो वा 60. सहलीला निघालेल्या वर्गाकडून शिक्षकांनी एवढी नोंद अवश्य करून घ्यावी.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा