ट्यूब, घमेलं आणि समुद्र

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर म्हणालीस, "शेजारच्या काकूंना सांगू तरी काय, पोरगी चेन्नईला रबर ताणत बसते?" खुशाल सांग. तेच करते!

बाबा, पोवई नाक्याच्या आपल्या पंक्चरच्या दुकानात तुम्ही जुन्या ट्यूबची पट्टी झटकन ताणून माझ्या ओठाला लावायचा, आठवतंय? कोमट लागायची. सैल सोडली की गार. ताणायला लावलेला जोर जातो कुठं, हे माझं कोडं तिथलंच.

आमचं रबर म्हणजे सिलिकॉनचा पातळ पापुद्रा. दोन्ही अंगांना काजळीसारखा कार्बनचा थर. पंख्याचा कपॅसिटर तुम्ही कितीदा बदललाय, हा तसाच, फक्त ताणता येणारा. ताणला की पसरतो, पातळ होतो आणि त्यात जास्त विद्युतभार मावतो. तेवढ्यात वीज भरायची आणि सैल सोडायचा. आक्रसताना भार तेवढाच, पण त्याला जागा कमी, म्हणून व्होल्टेज चढतं. भरली त्याहून जास्त वीज बाहेर येते. वरची वीज फुकटची नाही हं, ती ताणणाऱ्या हाताची मेहनत. आम्हाला तो हात समुद्राच्या लाटेचा हवाय.

लाटांवर वीज आपल्याकडं आधीही झालीय. केरळात विळिंजमला 1991 साली 150 किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं. तिथं लाट हवा दाबायची आणि हवा टर्बाइन फिरवायची. पण खाऱ्या वाऱ्यात फिरत्या लोखंडाचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं! रबराला ना गंज, ना बेअरिंग. कोयनेच्या 1,960 मेगावॅटपुढं आमचं अजून खेळणंच आहे, आई. प्रयोगाच्या टाकीतल्या लाटांवर बारका दिवा लागला तरी आम्ही पेढे वाटू.

गेल्या आठवड्यात मात्र वाटायचे राहिले. पापुद्र्यावर हजारो व्होल्ट असतात. आत टाचणीच्या टोकाएवढा हवेचा बुडबुडा राहिला होता. टचकन ठिणगी, आणि दोन महिन्यांच्या कामाला भोक. तुम्ही घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचा, मी आता भिंगातून शोधते. आमच्या भोकाला सोल्यूशन-ठिगळ चालत नाही, एवढाच फरक.

आणि खरी धास्ती पुढंच आहे. आठ सेकंदांना एक लाट धरली, तर वर्षात जवळपास 40 लाख वेळा ताणायचं. रबर थकतं. ते कधी फाटणार हे आधी कळत नाही.

तुम्ही नुसत्या अंगठ्यानं दाबून गिऱ्हाइकाला सांगायचा, "ही आठवडा काढणार नाही." बोटाला नक्की काय लागायचं? कडकपणा, चिकटपणा, की बारीक चिरा? सावकाश आठवून सांगा, आई लिहून घेईल. चष्मा लावून लिही गं.

दिवाळीला येते. माळ्यावरच्या जुन्या ट्यूबा भंगारात देऊ नका, आणि बाबा, त्या काढायला स्वतः शिडीवर चढू नका. मी आल्यावर काढीन.

तुमची,
मनी