नक्कल करून ठेवलीत, म्हणून

ऑबर्न, न्यू यॉर्क येथील कै. चार्ल्स वुड यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचायचं नाही, ठाऊक आहे. पण मी साताऱ्यात माजी सैनिकांचे आणि त्यांच्या विधवांचे पेन्शनचे अर्ज भरून देतो. तुम्ही काय केलंत ते मला जरा जास्तच कळतं.

हॅरिएट टबमन तुमच्या गावात राहायची. गुलामीतून पळून आलेली बाई. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिने युनियन, म्हणजे उत्तरेकडच्या, फौजेसाठी हेरगिरी केली, इस्पितळात शुश्रूषा केली, स्वयंपाकही केला. जून १८६३ मध्ये कॉम्बाही नदीवरच्या छाप्यात सातशेहून जास्त गुलाम सुटले. त्या छाप्यात वाट दाखवणारी हीच. पण शिपाई म्हणून नाव कुठल्याच पलटणीच्या पटावर नाही. मग पेन्शन कुठलं? तिच्या कामाच्या मोबदल्याचा हिशोब मात्र चोख होता: २५ मे १८६२ ते ३१ जानेवारी १८६५, महिना ३० डॉलर, एकूण ९६६. हाती पडले २००. येणे बाकी ७६६.

ती निरक्षर. १८६८ मध्ये तुम्ही तिच्या सेवेची हकीकत लिहून काढलीत आणि तिच्याजवळच्या कागदांच्या नकला केल्यात. हाताने, ओळीन् ओळ. मूळ कागद वॉशिंग्टनच्या एका वकिलाकडे गेले. (मूळ कागद हातचा सोडायचा नसतो, हे मी रोज सांगतो. रोज कुणीतरी सोडतंच.)

१८९५ मध्ये तिला महिना ८ डॉलर सुरू झाले, तेही सैनिक नवऱ्याची विधवा म्हणून. १८९८ मध्ये तिने स्वतःच्या सेवेसाठी पुन्हा प्रतिज्ञापत्र केलं, १८०० डॉलर मागितले, सहीच्या जागी फुली. तोवर तुम्ही वारला होतात. त्या प्रतिज्ञापत्राला जोडल्या होत्या त्या तुमच्या नकला.

१८९९ मध्ये काँग्रेसने ८ चे २० केले. का, तर शुश्रूषा केली म्हणून. हेरगिरीचे पैसे नाहीत. चौतीस वर्षं थांबून एवढंच, याचा मला अजून राग येतो. पण त्या नकला नसत्या, तर म्हातारीच्या हाती दाखवायला काय उरलं असतं?

काल एक आजी नवऱ्याचं डिस्चार्ज बुक पदरात गुंडाळून आल्या. आधी दोन झेरॉक्स काढल्या, मग अर्जाला हात लावला. तेव्हा तुमची आठवण झाली.

आपला,
एक अर्ज लिहिणारा, सातारा