टच-अपवाल्या काकूंचे जाहीर आभार

ती. काकूंना सा. न.

समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "पुरे रे, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो: मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दिवसभर जे करतो त्यातलं काही हाताला लागत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लावून घेतला. सोसायटीच्या खालच्या टाकीत महापालिकेचं पाणी आलं की मोबाईलवर कळावं, एवढंच यंत्र करायचं होतं. एक ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर), टाकीत सोडायला स्टीलच्या दोन सळ्या, एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक बझर. सगळं झीरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर. कोड पटकन झाला. यंत्र मात्र मनात येईल तेव्हा रीस्टार्ट व्हायचं.

कोडवाला माणूस कोडमध्येच शोधणार. लॉगमध्ये 'ब्राउनआउट' दिसत होतं, म्हणजे व्होल्टेज पडतंय. वाय-फाय चालू होताना हा बोर्ड क्षणभर काहीशे मिलिअँपिअर ओढतो हे वाचलेलं, म्हणून कपॅसिटर लावून पाहिले, ॲडॅप्टर बदलून पाहिला. ढिम्म फरक नाही.

तुम्ही आमटीची वाटी परत द्यायला वर आला होतात. टेबलावरचा पसारा पाहिलात, चष्मा चढवलात आणि एक जुना टूथब्रश मागितलात. त्याच्या दांड्यानं चालू बोर्डावर हळूहळू टकटक करत गेलात. बाजारातून तयार आणलेल्या पॉवर मॉड्यूलच्या कोपऱ्याशी दांडा पोचला आणि यंत्र रीस्टार्ट झालं. परत टकटक, परत रीस्टार्ट. "ड्राय सोल्डर आहे, जॉइंट कच्चा राहिलाय. हा पाय बघ, भोवती रिंग पडलीये." मला ती रिंग मोबाईलचा कॅमेरा झूम करूनच दिसली. तुम्हाला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नुसत्या डोळ्यांनी दिसली.

मग कळलं, की तुम्ही टीव्हीच्या कारखान्यात टच-अपला होतात. १९८२च्या एशियाडच्या सुमारास आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि असे कारखाने जोरात चालू लागले, तो काळ. बोर्ड मशिनमधून सोल्डर होऊन यायचा आणि तुमच्यापुढून जाताना कच्चा राहिलेला प्रत्येक जॉइंट तुम्ही हातानं पक्का करायचात. रेझिस्टरवरचे त्याचं मूल्य सांगणारे रंग तुम्ही वाचत नाही, ओळखीच्या माणसासारखे ओळखता. तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक के, म्हणजे हजार ओहम; पिवळा-जांभळा-लाल म्हणजे चार पॉइंट सात के. मी अजून ॲप उघडतो.

सोल्डरिंग शिकायला मी व्हिडिओ भरपूर पाहिले होते. पण सोल्डरची तार सोल्डरिंग गनच्या टोकाला लावून वितळवायची नसते, आधी पॅड आणि पाय दोन्ही तापू द्यायचे आणि मग तार जॉइंटलाच टेकवायची, हे हात धरून तुम्ही दाखवलंत. टोक काळं पडलं तेव्हा म्हणालात, "कल्हई गेलीये याची." आधी मला गंमत वाटली, पण ते अक्षरशः खरं आहे. कल्हईवाला नवसागर टाकून भांड्यावरचा थर काढतो आणि कथील फिरवतो. इथे नवसागराच्या जागी तारेतली राळ असते आणि कथिलात शिसं मिसळलेलं असतं, एवढाच फरक. "शिसं आहे, हात धुतल्याशिवाय खायचं नाही," हेही प्रत्येक वेळी ऐकलं. आणि २३० व्होल्टला हात लावायला तुम्ही आजतागायत परवानगी दिलेली नाही. पिक्चर ट्यूबवरचे वीस-पंचवीस हजार व्होल्ट जवळून पाहिलेल्या बाईशी कोण हुज्जत घालणार?

एका ठिकाणी मात्र माझा कोड उपयोगी पडला, ते सांगायलाच हवं. सळ्यांमधून सतत डीसी गेला तर पाण्यात इलेक्ट्रोलिसिस होऊन एक सळी झिजत जाते. म्हणून त्या मी एरवी बंद ठेवतो, अधूनमधून क्षणभर करंट सोडून पाणी लागतंय का ते बघतो आणि परत बंद. हे ऐकून तुम्ही "हुशार आहेस की" म्हणालात. ऑफिसच्या ॲप्रेझलमध्ये इतकं बरं वाटलेलं आठवत नाही.

तुमच्या हुद्द्याबद्दल विचारलं तर "हेल्पर" म्हणालात, आणि निवृत्तीपर्यंत तोच राहिला. मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी 'इंजिनिअर' लिहिलेलं ओळखपत्र मिळालं होतं. यावर काय बोलावं मला कळत नाही. तुम्ही नुसत्या हसलात. पण कॉन्फरन्समध्ये कुणी डिबगिंगवर लांबलचक भाषण देतं तेव्हा मला तो टूथब्रश आठवतो, आणि व्यासपीठावर चुकीचा माणूस बसलाय असं वाटतं.

आता पुढचं. झीरो पीसीबीचं जंजाळ सोडून मी कायकॅडमध्ये नीट बोर्ड डिझाइन केला. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, १९९२मध्ये एका फ्रेंच प्राध्यापकानं सुरू केलं आणि पुढे सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेनंही त्याला हातभार लावला. स्क्रीनवरचं डिझाइन तुम्हाला दाखवलं तर तुमची पहिली तक्रार: "नावं पार्टच्या खाली छापलीयेस. पार्ट बसल्यावर वाचणार कोण?" दुसरी: "मीटरची पिन टेकवायला जागा कुठाय?" म्हणून नावं बाजूला सरकवली आणि ३.३ व्होल्ट, ग्राउंड, सळीचं इनपुट यांना मोठे टेस्ट पॉइंट दिले. कोपऱ्यात तुमचं नाव छापायचं होतं, ते तुम्ही खोडायला लावलंत. खोडलं.

बोर्ड छापून आलेत. ६०/४०ची (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) तार आणली आहे, बारीक टोकही आणलंय. रविवारी दुपारची झोप झाली की वर या. पहिला बोर्ड तुम्ही भरायचा, मी शेजारी बसून पार्ट देतो.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा हेल्पर