आहे, पण कुठला?

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "मग आहे की नाही गं तुला डायबेटिस?" आणि मी थातूरमातूर काहीतरी बोलून विषय बदलला. तुझा राग नव्हता आला. या प्रश्नाला एका वाक्यात देता येईल असं उत्तर गेले कित्येक महिने माझ्याकडेच नव्हतं, आणि आता जे आहे तेही अर्धंच आहे. फोनवर सांगायला गेले की माझा गळा भरून येतो आणि मग तूच मला समजावत बसतेस. म्हणून लिहिते आहे.

सुरुवात अगदी साधी झाली. सारखा थकवा यायचा, म्हणून तपासण्या केल्या. शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे ते एचबीए१सी, आलं ६.७. उपाशीपोटीची शुगर आली ११८. आता गंमत बघ. एचबीए१सी ६.५ किंवा वर गेलं तर मधुमेह धरतात. उपाशीपोटीची हद्द १२६ ची. म्हणजे एक रिपोर्ट म्हणत होता 'आहे' आणि दुसरा म्हणत होता 'अजून नाही, काठावर आहे'. एका डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. दुसरे म्हणाले, बॉर्डरलाइन आहे, वजन सांभाळा. माझं वजन मुळात कमी, आणि तेही उतरत चाललेलं. सांभाळू काय?

खरं तर अशा वेळी काय करायचं याचा नियम ठरलेला आहे. ठळक लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, हद्दीपलीकडचे दोन आकडे लागतात. दोन तपासण्यांचं एकमेकींशी पटत नसेल तर जी हद्दीपलीकडे गेली तीच पुन्हा करायची. हे मला फार उशिरा, तिसऱ्या डॉक्टर बाईंकडून कळलं. तोपर्यंत मी दोन कागद हातात धरून कुठला खरा मानायचा याचा विचार करत रात्र रात्र जागी असायचे. मिलिंदचं म्हणणं, "नाव ठरलं नाही ना, मग काही नाहीच असं समज." त्याच्या सासूबाईंचं, म्हणजे माझ्या आईचं, म्हणणं बरोबर उलटं. आहेच असं समज आणि सगळं सोड. दोघांच्या मधे मी. आजारी म्हणून कुणी सवलत देईना, आणि ठणठणीत म्हणून स्वतःला सांगावं तर तेही पटेना. सुनंदा, आजाराची भीती एक वेळ सहन होते. पण हे लटकणं माणसाला चिडचिडं करतं. मी तेव्हा ज्यांच्या ज्यांच्यावर खेकसले त्यांची यादी मोठी आहे, आणि तिच्यात तूही आहेस!

एचबीए१सी पुन्हा केलं, ६.४ आलं. बाई कागदाकडे बघत राहिल्या आणि त्यांनी वेगळंच विचारलं, "पाळीला त्रास होतो का? अंगावरून जास्त जातं का?" हिमोग्लोबिन बघितलं तर ९.२, आणि लोहाचा साठाही तळाला गेलेला. तिथे पहिल्यांदा मला या गोंधळाचं एक कारण समजलं. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगतो. पण शरीरात लोह कमी असलं की साखर तेवढीच असूनही आकडा वर सरकू शकतो. आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की नव्या पेशी भराभर तयार होतात, तेव्हा तोच आकडा खाली येतो. मधल्या काळात पहिल्या डॉक्टरांनी 'शक्तीच्या' म्हणून दिलेल्या गोळ्यांत लोह होतंच. म्हणजे ६.७ खरं की ६.४ खरं, हा प्रश्न मी ज्या तळमळीने विचारत होते त्याला काही अर्थच नव्हता. दोन्हींवर विसंबता येत नव्हतं.

मग ते ११८ तरी? तेही संशयितच निघालं. घरी येऊन रक्त घेऊन गेलेल्या मुलाने ते लॅबमध्ये दुपारी पोचवलं होतं. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. त्या वेळेवर वेगळ्या काढल्या नाहीत तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होऊ शकते. हे कळल्यावर मला संताप आला, आणि तो मी गिळला नाही. लॅबला फोन करून चांगलं सुनावलं.

तिथून माझ्या डोक्यात एक वाटणी झाली, आणि या सगळ्या काळात मला तगवलं ते त्या वाटणीनेच. काही उशीर शरीराचा असतो. पेशींना बदलायला वेळ लागतो, लोह भरून यायला वेळ लागतो, त्याला कुणीच काही करू शकत नाही. आणि काही उशीर माणसांचा असतो. रिपोर्ट आला पण कुणी उघडून पाहिला नाही, तपासणी लिहायची राहिली, 'तीन महिन्यांनी बघू' म्हणताना कशासाठी बघायचं ते सांगितलं नाही. पहिल्या उशिराशी भांडून उपयोग नाही. दुसऱ्याशी भांडायचंच. आपण बायका नेमकं उलटं करतो, आपल्या शरीरावर चिडतो आणि डॉक्टरांसमोर गप्प बसतो.

तेव्हापासून मी तपासणीच्या खोलीतून उठायच्या आधी दोनच गोष्टी विचारते. आता आपण नक्की कशाची वाट पाहतोय? आणि कुठलं लक्षण दिसलं तर वाट न पाहता लगेच यायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी फ्रिजवर चिकटवलंय. उलट्या, पोटात जोरात दुखणं, खोल आणि भराभर श्वास, श्वासाला फळासारखा वास, गुंगी. यातलं काही दिसलं तर थेट इस्पितळ, मग रात्र असो की पहाट. इन्सुलिन फार अपुरं पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून होणारे कीटोन रक्तात साठायला लागले की असं होतं आणि त्यात तास मोजावे लागतात, दिवस नाही. तो कागद लावल्यापासून, तुला नवल वाटेल, माझी भीती कमी झाली. कशाला घाबरायचं ते एकदा ठरलं की बाकीच्या गोष्टींना घाबरायचं कारण उरत नाही.

मधे मी घरच्या मशीनवर उठसूट बोट टोचून घेत होते. ते बाईंनी बंद करायला लावलं. त्या मशीनच्या मानकात शंभराच्या वरच्या आकड्यांना पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक चालते. म्हणजे खरी शुगर १२६ असली तर पट्टी १०७ पासून १४५ पर्यंत काहीही दाखवू शकते. रोग सापडलेल्या माणसाला औषध बेतायला ते ठीक, पण रोग आहे की नाही ते त्यावर ठरवत नाहीत. तरी कपाटात ठेवलंय, फेकलं नाही.

शेवटी जीटीटी झाली, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी रक्त देतात ती. त्याआधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायला सांगितलं होतं. मी तर आईच्या सल्ल्याने कधीचं काय काय सोडून बसले होते, आणि तसं खाणं तोडून गेलं तर आकडा उगीचच वर जाऊ शकतो म्हणे. तेव्हा तीन दिवस निमूट पोटभर जेवले. उपाशीपोटी आली १२९, दोन तासांनंतरची २१४. तिथली हद्द २००. दोन्ही आकडे पलीकडे. बाईंनी सरळ सांगितलं, मधुमेह आहे.

आणि सुनंदा, मला हायसं वाटलं. कुणाला सांगू नकोस, पण रिक्षात बसून मी चक्क हसले.

ते हसू फार टिकलं नाही. कारण बाईंचा पुढचा प्रश्न होता, कुठला? माझं वजन कमी, थायरॉइडची गोळी कितीतरी वर्षं चालू, आणि मधुमेहाच्या गोळीने शुगर हवी तशी खाली येत नाही. थायरॉइडचा माझा आजार शरीराने स्वतःवरच उलटण्यातला आहे, आणि अशा माणसात स्वादुपिंडावरही तेच घडण्याची शक्यता जास्त असते. त्यातून होणारा मधुमेह म्हणजे टाइप १. तो फक्त लहान मुलांना होतो असं आपण समजतो, पण तो कुठल्याही वयात होतो. मोठेपणी कधी कधी इतका सावकाश येतो की सुरुवातीला टाइप २ सारखाच दिसतो. ते ओळखायला गॅड अँटीबॉडीची तपासणी करतात, म्हणजे शरीर स्वादुपिंडावर उलटल्याची खूण रक्तात शोधतात. माझी आली 'किंचित पॉझिटिव्ह'. काय सांगू! इथेही काठावरच. आता ती पुन्हा पाठवलीय, सोबत आणखी दोन अँटीबॉडी. सी-पेप्टाइडही केलं. आपलं शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय ते त्यावरून कळतं. माझं मधलंच आलं, आणि सुरुवातीच्या काळात बऱ्याचदा तसंच येतं, त्यामुळे त्यावरून लगेच काही ठरवता येत नाही. हा उशीर शरीराचा, म्हणून मी निमूट आहे.

लोक म्हणतात, नावात काय, पथ्य पाळ म्हणजे झालं. मला हे अजिबात पटत नाही. टाइप १ असेल तर आज ना उद्या इन्सुलिन लागणारच, आणि ते टाळत राहणं धोक्याचं. शुगर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्या आहेत. टाइप १ असलेल्या माणसाने त्या घेतल्या तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही ते कीटोनचं संकट ओढवू शकतं. म्हणून बाईंनी नाव ठरेपर्यंत मला त्या दिल्या नाहीत. म्हणजे नावात पुष्कळ काही आहे.

बाकी बरी आहे. मधे डोळ्यांना धूसर दिसत होतं, पण चष्मा बदलला नाही. शुगर वरखाली होत असताना नंबर बदलतो, स्थिर झाल्यावरच करायचा. सगळे रिपोर्ट तारखेने लावून एका फायलीत ठेवलेत, प्रत्येकावर रक्त कधी घेतलं आणि तेव्हा कुठल्या गोळ्या चालू होत्या ते लिहिलंय. बाई ती फाईल बघून खूश झाल्या. मिलिंद आता माझ्यासोबत येतो आणि डॉक्टर बोलतात ते लिहून घेतो, म्हणजे घरी आल्यावर 'त्या असं म्हणाल्या' यावरून वाद होत नाहीत.

आता तुझ्याकडे एक काम. बाईंनी घरातला इतिहास विचारलाय आणि आईला नीट आठवत नाही. तुझं मावशीकडे जाणं-येणं आहे. तिला विचार, आजीला शुगर कितव्या वर्षी सापडली, ती तेव्हा बारीक होती का, आणि इन्सुलिन पहिल्यापासून होतं की मागाहून सुरू झालं. मामाच्या मुलाचंही विचार. त्याला फार लहान वयात सापडली होती आणि तो नुसत्या गोळ्यांवर आहे असं मी ऐकलंय. तीन पिढ्यांत सरळ रेषेत आलेली असेल तर आणखीच वेगळा, जनुकातून येणारा प्रकार बघावा लागतो. मावशी आधी तासभर दुसरंच बोलेल, ते ऐकून घे. पुढच्या महिन्यात बाईंकडे जायचंय, त्याआधी कळव.

तुझी,
नीलिमा