समझोता फसला म्हणून केस परत पहिल्यापासून कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोक अदालत झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात एक ठरलेला फोटो असतो, नवरा-बायको एकमेकांना हार घालतायत, मागे वकील मंडळी टाळ्या वाजवतायत आणि खाली 'पुन्हा जुळले संसार'. बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्यातले टिकले किती हे नंतर कोणी विचारायला जात नाही, आणि ज्यांचं परत फाटतं त्यांना कोर्टाची पायरी दुसऱ्यांदा चढताना काय काय सोसावं लागतं यावर तर चकार शब्द नसतो. मी सध्या त्यातच आहे म्हणून लिहितेय.

माझी घटस्फोटाची केस चालू असताना काउन्सेलर, दोन्हीकडची वडीलधारी माणसं, सगळ्यांचं एकच, 'एकदा शेवटचा चान्स देऊन बघ'. मी दिला. मुलगी लहान आहे, तेव्हा जे केलं ते विचार करून केलं आणि त्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही. म्हणणं आहे ते त्या कागदाबद्दल. नांदायला जायच्या आधी एक पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) टाईप होऊन आली, चारच ओळी, 'उभयतांत आपसांत समझोता झाला असून अर्जदारास सदर अर्ज पुढे चालवावयाचा नाही, सबब अर्ज निकाली काढावा'. दोघांच्या सह्या, वकिलांच्या सह्या, रोजनाम्यात एक नोंद, संपलं. पाच मिनिटांचं काम आणि सगळे खूश.

काही महिन्यांत पहिलेच पाढे सुरू झाले. मी माहेरी आले, परत केस टाकली. आता नवीन नंबर, नवीन नोटीस, ती नोटीस बजावली जाईपर्यंत तारखांवर तारखा. आधीच्या केसमध्ये माझी उलटतपासणी होऊन गेली होती, ती आता परत, म्हणजे घरातल्या त्याच गोष्टी परत एकदा परक्या माणसांसमोर उभं राहून सांगायच्या. आणि समोरच्या बाजूच्या उत्तरात एक पॅरा खास माझ्यासाठी, की अर्जदार स्वखुशीने नांदायला आली होती, म्हणजे आधीचं जे काही होतं ते तिने माफ केलेलं आहे!

मला वाटलं वकिलाने उगीच काहीतरी ठोकून दिलंय. पण नाही, हे कायद्यातच आहे. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २३, क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट मागणाऱ्याने ती क्रूरता माफ केलेली नसावी. १९७५ सालच्या दास्ताने विरुद्ध दास्ताने या गाजलेल्या निकालात सुप्रीम कोर्टाने क्रूरता सिद्ध झाली असं मानलं आणि तरीही क्रूरतेवरून मागितलेली न्यायिक विभक्तता (लग्न न मोडता वेगळं राहायची कोर्टाची परवानगी) दिली नाही, कारण पुढे एकत्र राहिल्यामुळे ती माफ झाली असं धरलं. (तिथे केस करणारा नवरा होता, तेव्हा हे फक्त बायकांचं रडगाणं आहे असं कोणी समजू नये.) त्याच निकालात असंही म्हटलंय की ही माफी कायमची नसते, समोरचा परत तसंच वागला तर जुनी तक्रार पुन्हा जिवंत होते. माझी सगळी भिस्त आता यावर. पण गंमत बघा, त्याच कलम २३ मध्ये दोन-तीन ओळी पुढे कोर्टालाच सांगितलंय की आधी समेटाचा प्रयत्न करा. म्हणजे 'जा, जमवून घे' म्हणणारा पण कायदा आणि 'गेलीस ना, मग माफ केलंस' म्हणणारा पण कायदाच!

बाकीच्या कारणांचं पण तेच. सोडून गेल्याच्या कारणावर केस करायची तर सलग २ वर्षं लागतात, मध्ये परत संसार मांडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्युच्युअलला, म्हणजे दोघांच्या संमतीच्या घटस्फोटाला, अर्जाच्या आधी किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, तिथेही तीच गत. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अर्जानंतरचा ६ महिन्यांचा थांबा योग्य केसमध्ये माफ करता येतो म्हटलं खरं, पण त्यासाठी सुद्धा आधी किती काळ वेगळे राहिलात ते बघतातच. आणि पोटगी? मुख्य केस काढून घेतली की त्यातली अंतरिम पोटगी तिथेच थांबते, नवीन अर्ज, नवीन शपथपत्रं. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून नवीन केस टाकणाऱ्या बायांनी तो अर्ज त्याच दिवशी द्यावा, 'बघू पुढे' करू नये.

माझा मुद्दा एवढाच आहे की समझोत्यासाठी केस काढून घ्यायला लावूच नये, थांबवून ठेवावी. आणि यासाठी नवीन कायदाही नको. फॅमिली कोर्ट कायदा १९८४, कलम ९, समेटाची शक्यता दिसली तर कोर्टाला योग्य वाटेल तितका काळ काम तहकूब ठेवता येतं. मग सहा-आठ महिने ठेवा ना. जमलं तर काढून घेऊ आनंदाने, नाही जमलं तर जिथे थांबली होती तिथून पुढे. पण निकाली काढलेल्या केसचा आकडा सगळ्यांनाच प्यारा, असं मला तरी वाटतं. आणि काढून घ्यायचीच असेल तर निदान पुरसिसमध्ये 'पुन्हा अर्ज करण्याची मुभा ठेवून' अशी परवानगी मागा आणि कोर्टाच्या ऑर्डरमध्ये ती आली का ते बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २३ खाली ही सोय आहे, आणि ती न घेता काढून घेतलं तर त्याच जुन्या गोष्टींवर परत केस करताना अडवणूक होते, मग नवीन काय घडलं ते दाखवत बसा. तारखेला नुसतं जायचं बंद करणं तर त्याहून वाईट. 'आता कशाला जायचं, जमलंय ना' म्हणून बरेच जण जातच नाहीत, समोरचा हजर राहतो आणि केस गैरहजेरीत काढली जाते, मग ती परत चालू करायचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो.

कायद्यात बदल हवा तो माफीच्या मुद्द्यावर. इंग्लंडच्या १९७३ च्या कायद्यात सोय होती, की जमवून बघायला म्हणून नवरा-बायको एकूण ६ महिन्यांपर्यंत एकत्र राहिले तर तेवढं राहणं क्रूरतेची केस करणाऱ्याच्या विरोधात धरायचं नाही. आता तर तिकडे दोष सिद्ध करायची भानगडच काढून टाकलीय २०२२ पासून. आपल्याकडे एवढं सगळं लगेच होईल असं मी म्हणत नाही, पण ती ६ महिन्यांची सवलत द्यायला काय हरकत आहे? उलट त्याने समेटाला जास्त लोक तयार होतील. आज माझ्या ओळखीत कोणी विचारलं की परत जाऊ का, तर मी आधी विचारते, केसचं काय करणार आहेस? हे काय विचारायचं झालं, पण विचारावं लागतं.

तुमच्या पेपरात कायद्याचा सल्ला देणारं सदर येतं. त्यात अशा पुरसिसचा नमुना एकदा छापा, मुभा कशी मागायची, तहकुबी कशी मागायची, अगदी शब्दांसकट. वकील नाही सांगत हो सगळं, आणि आपणही त्या घाईत विचारत नाही.

आपली,
एक वाचक
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये)